सात पंखे आणि सातही बाहेर फुंकणारे

कॉम्प्युटर जोडून देणाऱ्याने मला एकाच गोष्टीसाठी दोनदा लुटलं. दुसऱ्यांदा तर मी आपल्या पायांनी चालत गेले.

थ्रीडी रेंडरिंगचं काम, म्हणजे कॉम्प्युटरकडून त्रिमितीय चित्रं तयार करून घेणं; मशीन तासन्‌तास तापणार, म्हणून माझी अट एकच होती: कॅबिनेटमध्ये हवा खेळती हवी. त्याने समोरून आणि डावीकडून काच असलेलं, फिशटँकसारखं कॅबिनेट दाखवलं. पंखे सात. वर तीन, मागे एक आणि मदरबोर्डच्या शेजारी आडव्या बाजूला तीन. हे तीन ‘रिव्हर्स ब्लेड’चे, म्हणून महाग.

त्याने कारण सांगितलं तेही खरंच होतं. साधा पंखा देखण्या बाजूने हवा ओढतो आणि मोटर धरणाऱ्या दांड्यांच्या बाजूने फेकतो. बाजूच्या जागी तो हवा आत घेईल असा बसवला, की काचेतून नुसत्या दांड्या दिसतात. रिव्हर्स पंख्याची पाती उलट्या वळणाची असल्याने देखणा चेहरा आपल्याकडे राहतो आणि हवाही आत येते. पटलं. पैसे मोजले.

रेंडर लावला की दहा मिनिटांत प्रोसेसर ९७ अंशांवर. मग तो स्वतःला वाचवायला क्लॉक स्पीड, म्हणजे कामाचा वेग, उतरवायचा आणि काम रखडायचं. फोन केला तर, “मॅडम, आजकालचे प्रोसेसर तापतातच. लिक्विड कूलर टाकू.” प्रोसेसरची उष्णता द्रवातून वाहून नेणारा तो कूलर टाकला. वरचे तीन पंखे त्याच्याच रेडिएटरला, म्हणजे तो द्रव थंड करणाऱ्या भागाला, लावून दिले. ९७ चे ९३ झाले. ग्राफिक्स कार्ड मात्र होतं तितकंच गरम.

तेव्हाच काच काढून तोच रेंडर चालवून बघायला हवं होतं. काच काढल्यावर तापमान दहा-पंधरा अंश उतरलं, तर दोष कूलरचा नसतो, कॅबिनेटला हवाच पुरत नसते. हे मला उशिरा कळलं, तेही धूळ पुसताना.

मागे कार्डांच्या रिकाम्या खाचांवर धुळीची गादी बसली होती. बाजूच्या पंख्यांपुढची फिल्टरची जाळी मात्र कोरी करकरीत. म्हणजे हवा मागच्या फटींतून चोरपावलांनी येत होती, दारातून नाहीच. जाळीसमोर टिश्यूचा कपटा धरला. तो जाळीला चिकटायला हवा होता, फडफडत लांब गेला. वर धरला तरी लांब, मागे धरला तरी लांब. तिन्ही पंखे सोडवले. चौकटीच्या कडेला बहुधा दोन बारीक बाण कोरलेले असतात, एक पाती फिरण्याचा, एक हवेच्या दिशेचा. हवेचा बाण बाहेर. मोटरवरच्या स्टिकरचा मॉडेल नंबर शोधला तर पंखे साधेच, फक्त त्यांच्यातले दिवे काचेतून दिसावेत म्हणून उलटे ठोकलेले. बिलावर ‘रिव्हर्स’ हा शब्द होता, मॉडेल नंबर नव्हता. तो आधीच मागून घ्या, आणि मशीन ताब्यात घेताना टिश्यूचा कपटा खिशात ठेवा. दुकानदार हसला तर हसू दे.

पंखे फिरवून बसवले. हट्टाने प्रोसेसरवरचा जुना, हवेवर चालणारा एअर कूलरही परत चढवला. तोच रेंडर, तोच वेळ: ७९. काचेतून आता दांड्या दिसतात.

दुकानदार म्हणाला, बिलात टायपिंगची चूक झाली. लिक्विड कूलर परत घेत नाही म्हणे, वापरलेला आहे.