टाटा मुंबई मॅरेथॉनचं चॅरिटी बिब घ्यावं का? माझा अनुभव

ऑफिसमध्ये आणि सोसायटीत इतक्या जणांनी विचारलंय की एकदाच लिहून टाकतो. जानेवारीत चॅरिटी बिबवर (बिब म्हणजे छातीवर लावायचा धावपटूचा नंबर) हाफ मॅरेथॉन केली, २१.०९७ किमी. धावण्याबद्दल कमी लिहिणारे, पैसे जमवण्याबद्दल जास्त, कारण खरा घाम तिथेच निघतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपण एखादी संस्था निवडायची, तिच्यासाठी ठरावीक रक्कम जमवायची हमी द्यायची आणि त्या बदल्यात धावायला जागा मिळते. जनरल रजिस्ट्रेशन फुल्ल झालं तरी हे बिब बरेचदा मिळून जातं, म्हणून काही लोक फक्त त्यासाठीच घेतात, घेऊ दे की, पैसे शेवटी संस्थेलाच जातात. चॅरिटीचा सगळा भाग युनायटेड वे मुंबई बघते, यादीत शेकड्याने संस्था असतात, मोठ्या हॉस्पिटलांपासून एखाद्या वस्तीत काम करणाऱ्या छोट्या ट्रस्टपर्यंत. आपलं पेज बनवायचं, लिंक फिरवायची. एवढं सोपं. पुढचं नाही.

ग्रुपवर लिंक टाकली की काय होतं सांगू? अंगठे येतात. हात जोडलेले येतात. 'प्राउड ऑफ यू' येतं. पैसे येत नाहीत. लहानपणी गणपतीची वर्गणी मागायला दारोदार जायचो तसंच आहे हे, नोटीस लावून वर्गणी जमत नाही, बेल वाजवावी लागते. एकेकाला वेगळा मेसेज, नावानिशी, शक्यतो महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. मग मात्र भराभर येतात. आणि आपली माणसं ऑनलाइनसुद्धा ५०१ आणि ११०१ च टाकतात हे बघून जाम मजा वाटली. आमच्या मजल्यावरच्या काकूंनी लिंक उघडलीच नाही, पाकिटातून नोटा काढून हातात दिल्या आणि म्हणाल्या, तूच भर रे माझ्या नावाने.

इथे एक लक्षात ठेवा. ८०जीची, म्हणजे देणगीवरची इन्कम टॅक्सची सूट पाहिजे असेल तर २००० रुपयांच्या वरची कॅश चालत नाही, आणि सूट फक्त जुन्या टॅक्स रिजीमवाल्यांनाच. नवीन रिजीममध्ये गेलेल्यांना 'टॅक्स वाचेल' असं सांगून पैसे मागू नका, नंतर सीएने सांगितलं की तोंड लपवावं लागतं. देणाऱ्याचा पॅन घ्या, कारण सूट मागायला लागणारं देणगीचं १०बीई सर्टिफिकेट त्यावरच निघतं आणि ते आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत द्यायचं असतं. म्हणजे जानेवारीत पैसे दिलेल्या मेव्हण्याने फेब्रुवारीतच मागे लागू नये, हे त्यालाही आधीच सांगून ठेवा.

परदेशातल्या नातेवाइकांचा घोळ तर वेगळाच. दुबईतला मावसभाऊ भारतीय पासपोर्टवाला, त्याचे पैसे नेहमीच्या बँकेच्या मार्गाने आले, काही प्रॉब्लेम नाही. अमेरिकेतला आतेभाऊ आता तिकडचा नागरिक, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) आहे तरी त्याचे पैसे फॉरेन काँट्रिब्युशन, म्हणजे परदेशी देणगी धरले जातात, अगदी रुपयांत दिले तरी! संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी नसेल तर घेताच येत नाहीत. डॉलरच्या भरवशावर टार्गेट ठेवणार असाल तर संस्था निवडतानाच हे विचारा.

आता तक्रार. संस्थेचं नाव घेत नाही, काम चांगलं आहे त्यांचं. पण रक्कम कमी पडली तर उरलेली मी भरेन असं लिहून घेतलं, टार्गेट पूर्ण होईपर्यंत दिवसाआड फोन, आणि पूर्ण झालं त्या दिवसापासून एकदम चिडीचूप. त्याहून वैताग म्हणजे, हजार रुपयांत नक्की काय होतं असं विचारलं तर कोऑर्डिनेटरकडे उत्तर नाही, म्हणे सगळं कामातच जातं. अरे पण मी लोकांना काय सांगू? मित्राच्या संस्थेने त्याला सरळ सांगितलं होतं, एवढ्यात एका मुलाची डोळे तपासणी आणि चष्मा. तो तेवढंच एक वाक्य सगळ्यांना पाठवत बसला आणि माझ्या आधी मोकळा झाला.

रेसचा दिवस? त्याला पैकीच्या पैकी. स्पेशल लोकल असतात, पहाटे डब्यात सगळेच बिब लावलेले, कोणी केळं सोलतंय कोणी गुडघ्याला टेप लावतंय. माहीमहून सुटलो, अंधारात सी लिंकवर पायी जायला मिळतं, एरवी तिथे चालत पाऊलसुद्धा ठेवू देत नाहीत. पेडर रोडचा चढ जीव काढतो, पण तिथलेच लोक फुटपाथवर संत्र्याच्या फोडी आणि चिक्की घेऊन उभे, एक आजोबा खुर्ची टाकून बसलेले आणि प्रत्येकाच्या बिबवरचं नाव मोठ्याने वाचत होते. माझंही वाचलं. चढ संपेपर्यंत तेवढं पुरलं. सहा किलोमीटरच्या आसपासची ड्रीम रन वेगळी असते, पोस्टर-बिस्टर, वेशभूषा, सगळी जत्रा, धावायची सवय नसेल तर पैसे जमवायला तीही चालते.

स्टार द्यायचे तर पाचपैकी चार, एक कापला तो त्या चिडीचूपसाठी. पुढच्या वर्षी परत घेणार आहे, संस्था बदलून, आणि काकूंना आत्ताच सांगून ठेवलंय.