ओंटारिओतला 'अ‍ॅडिक्शन्स अँड कम्युनिटी सर्व्हिसेस वर्कर' डिप्लोमा: कोर्स झाला, नोकरीही सुरू झाली, आता सविस्तर

व्यसनात अडकलेल्या, बेघर लोकांसोबत काम करायला शिकवणारा हा कोर्स. त्याबद्दल विचारणारे मराठी लोक हल्ली वाढलेत. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. मी मूळचा कोल्हापूरचा, तिकडे बरीच वर्षं औषध कंपनीचा एमआर होतो. कॅनडात पीआर (कायम राहायचा परवाना) घेऊन आल्यावर आधी वेअरहाऊस, मग डिलिव्हरी, आणि मग हा डिप्लोमा. सध्या टोरांटोजवळच्या पील भागात बेघरांच्या एका शेल्टरमध्ये काम करतो, बहुतेक रात्रपाळी. कॉलेजचं नाव लिहिणार नाही, कृपया मेसेज करून विचारू नका.

माझं मत आधीच सांगतो. वर्गातलं शिकणं बरं होतं, पैसे वसूल झाले ते प्लेसमेंटमध्ये (म्हणजे नोकरी नव्हे, कोर्सचाच भाग म्हणून एखाद्या संस्थेत करायचं प्रत्यक्ष काम), आणि ती मिळवून देण्यात कॉलेजची मदत जवळपास शून्य.

कोर्स साधारण वर्षभराचा. खाजगी करिअर कॉलेजं तो चालवतात आणि फी पाच आकडी डॉलरमध्ये जाते. नोकरी गेली असेल तर 'बेटर जॉब्स ओंटारिओ' योजनेतून फीची सोय होऊ शकते, आमच्या बॅचमध्ये असे काही जण होते. पण भारतातून स्टुडंट व्हिसावर येऊन हा कोर्स करायचा विचार असेल तर तो डोक्यातून काढा. खाजगी करिअर कॉलेजच्या डिप्लोमावर पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिट (शिकून झाल्यावर इथे नोकरी करायचा परवाना) मिळत नाही. एजंट हे गोड बोलून झाकतात. आमच्याकडे चौकशीला आलेल्या एका मुलाला तर 'हेल्थकेअर कोर्स आहे, पीआर पक्की' असं सांगून पाठवलं होतं.

दुसरी गोष्ट, हा डिप्लोमा घेऊन तुम्ही काउन्सेलर होत नाही. ओंटारिओत २०१९ च्या अखेरीपासून सायकोथेरपी हे फक्त नोंदणीकृत व्यावसायिकांनीच करायचं काम आहे. सोशल वर्कर आणि सोशल सर्व्हिस वर्कर ही पदनामंसुद्धा कायद्याने राखीव आहेत. सोशल सर्व्हिस वर्कर म्हणून नोंदणी हवी असेल तर सरकारी कॉलेजचा त्या नावाचा दोन वर्षांचा डिप्लोमा बघा. आमच्या वर्गातले निम्मे लोक समोर खुर्ची, बाजूला टिश्यूचा डबा असं चित्र डोक्यात घेऊन आले होते. प्रत्यक्षातलं काम म्हणजे फॉर्म, फोन, घरांची वेटिंग लिस्ट, हरवलेलं ओळखपत्र परत मिळवणं, आणि मोजे. हो, मोजे. थंडीत रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी कोरडे मोजे लागतात. ते देताना जे बोलणं होतं ते ऑफिसच्या खोलीत बसून होत नाही.

वर्गात सगळ्यात उपयोगी काय ठरलं, तर मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग. समोरच्याला सल्ला द्यायचा नाही, प्रश्न असा विचारायचा की 'हो-नाही'त उत्तर संपणार नाही, आणि तो जे बोलला तेच थोडं पुढे नेऊन त्याच्यासमोर ठेवायचं. वाचायला सोपं वाटतं. जोड्या लावून सराव सुरू झाला की आपली देशी मंडळी हमखास अडकायची. समोरचा म्हणतो, "बायकोने सांगितलं म्हणून आलोय, मला काही प्रॉब्लेम नाही." आपल्या तोंडातून लगेच निघतं, "अहो, पण मुलांकडे तरी बघा!" बाई शांतपणे सराव थांबवायच्या आणि पुन्हा सुरू करायला लावायच्या. मग हळूहळू येतं: "म्हणजे तुमची इच्छा नसताना यावं लागलं. घरात नेमकं काय झालं होतं?" आणि मग माणूस बोलायला लागतो. उपदेश न करता दहा मिनिटं बसणं हे आपल्याकडच्या काका, मामा, साडूभाऊ या सगळ्या जमातीला शिकवायला हवं असं मला अजूनही वाटतं.

औषधांचा भाग मात्र उथळ. मी औषधांच्याच धंद्यातला असल्यामुळे जास्त खटकलं असेल. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन (ओपिऑइडचं, म्हणजे हेरॉइन, फेंटॅनिल अशा अफूसारख्या नशेचं व्यसन असलेल्यांना देतात ती औषधं) यांच्यातला फरक एका तासात गुंडाळला. ब्युप्रेनॉर्फिन घाईने, आधीचं ओपिऑइड अंगातून उतरायच्या आत दिलं तर माणूस अचानक जोरदार विथड्रॉअलमध्ये (नशा तुटल्यावर होतो त्या त्रासात) जातो, हे नीट समजावून सांगायला हवं होतं. शेल्टरमध्ये नर्स नेहमीच हजर असते असं नाही. "काल औषध सुरू केलं आणि मरणाचा त्रास होतोय" असं कुणी रात्री दोन वाजता सांगितलं, तर निदान काय झालं असेल याचा अंदाज यायला हवा.

पुस्तकंही जुनी. दारूच्या धड्यात पुरुषांसाठी आठवड्याला १५ आणि स्त्रियांसाठी १० ड्रिंक्सपर्यंत चालतं असं छापलेलं, म्हणजे कॅनडाच्या २०११ च्या सूचना. जानेवारी २०२३ मध्ये त्या बदलल्या. आता आठवड्याला दोनपर्यंत धोका कमी, तीन ते सहा मध्यम, सात किंवा जास्त असेल तर वाढता. बाईंनी तोंडी दुरुस्ती केली, पण परीक्षेतला प्रश्न जुन्याच आकड्यांवर आला. सुपरवाइज्ड कन्झम्प्शन साइट्स, म्हणजे प्रशिक्षित लोकांच्या देखरेखीखाली नशा करू देणारी केंद्रं, त्या धड्याचीही तीच गत. शाळा आणि डेकेअरपासून २०० मीटरच्या आतली अशी केंद्रं ओंटारिओ सरकारने मार्च २०२५ अखेर बंद केली आणि त्यांच्या जागी 'हार्ट हब' नावाची, उपचार आणि निवाऱ्यावर भर देणारी वेगळी व्यवस्था आणली. पुस्तकातला नकाशा आणि बाहेरचं शहर यांचा मेळच लागेना.

ड्रिंकचा हिशेब निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो, आपल्या लोकांसोबत काम करताना ती रोज उपयोगी पडते. इथलं एक स्टँडर्ड ड्रिंक म्हणजे ४३ मिली कडक दारू. आपला लार्ज पेग ६० मिलीचा, आणि घरी ओतलेला त्याहून मोठा. त्यामुळे 'रात्री दोनच पेग' म्हणणारा माणूस इथल्या मापाने तीनच्या आसपास घेतो, रोज. पिणं किती ते मोजायच्या फॉर्मवर '२' लिहिलं तर पुढचा सगळा स्कोअर चुकतो. मी आता ग्लास दाखवून कुठपर्यंत भरता ते विचारतो.

तसंच दारू अचानक तोडण्याचं. आपल्याकडे अजूनही घरात कोंडून, बाटली फोडून, देवासमोर शपथ घालून सोडवतात. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एका दिवसात बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतर भास, ताप, गोंधळ अशी अवस्था येऊ शकते आणि त्यात माणूस दगावू शकतो. हात थरथरणं, घाम, मळमळ, अस्वस्थपणा अशा दहा गोष्टींवर गुण देऊन तीव्रता मोजायची एक पद्धत आहे, सीवा म्हणतात तिला. गुण देणं नर्सचं काम, पण कुणाला तातडीने हॉस्पिटलमध्ये न्यायला हवं हे ओळखायला आम्हाला शिकवलं. कोर्समधला हा एकच तास मी नातेवाइकांना फोन करून जसाच्या तसा सांगितला.

माझ्या मनाला सगळ्यात जड गेला तो हार्म रिडक्शनचा भाग, म्हणजे व्यसन सुटो न सुटो, त्यातून होणारं नुकसान आधी कमी करायचं. आपण पुण्याच्या मुक्तांगणबद्दल ऐकत मोठे झालेले. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी ते उभं केलं, पु. ल. देशपांड्यांनी आर्थिक हातभार लावला. तिथे राहायचं, पूर्ण सोडायचं, मग फॉलोअपला येत राहायचं. व्यसनमुक्ती म्हणजे हेच, असं डोक्यात पक्कं बसलेलं. इथे पहिल्याच आठवड्यात स्वच्छ सुया आणि पाइप वाटायचं शिकवतात. वर्गातल्या एका पंजाबी बाईंनी सरळ विचारलं, "ही मदत की आमंत्रण?" त्यावर तासभर वाद झाला, आणि तो तास वाया गेला असं मी म्हणणार नाही. माझं आजचं मत असं की रस्त्यावरच्या फेंटॅनिलच्या काळात माणूस आधी जिवंत राहायला हवा, सोडायचं की नाही ते नंतर. पण मुक्तांगणमध्ये कुटुंबाला सोबत घेऊन जे काम होतं ते इथे मला फार कमी दिसलं. इथे क्लायंट एकटा येतो आणि त्याच्या घरच्यांना आम्ही त्याच्या संमतीशिवाय साधं 'तो इथे आहे' एवढंही सांगू शकत नाही. कायदा बरोबर आहे, त्याचं कारणही पटतं. तरी फोनवर रडणाऱ्या आईला "मी काही सांगू शकत नाही" म्हणणं मला सोपं जात नाही.

कॅनडातल्या मूळनिवासी लोकांच्या इतिहासाचा भाग मी आधी 'सक्तीचा विषय' म्हणून घेतला. मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत ठेवायचं, त्यांची भाषा मारायची, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं. त्यावरच्या आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. शेल्टरमध्ये आल्यावर कळलं की ते पुस्तकातलं नाही. साठीचे गृहस्थ जेवणाच्या रांगेत उभं राहायला नकार देतात, शेवटी येऊन थंड झालेलं खातात. रांगेत का उभे राहत नाहीत हे त्यांना कुणी विचारू नये, आणि ताट बाजूला काढून ठेवावं, एवढं मला त्या तासांमुळे कळलं.

आता प्लेसमेंट. प्रवेशाच्या वेळी 'आमचे भरपूर टाय-अप आहेत' असं ऐकवलं होतं. वेळ आली तेव्हा हातात एक यादी दिली आणि फोन करा म्हणाले. यादीतले काही नंबर बंद, काही संस्था विद्यार्थी घेतच नव्हत्या. वर्गातल्या दोघींची प्लेसमेंट लांबल्यामुळे डिप्लोमाही लांबला. पोलिसांकडची व्हल्नरेबल सेक्टर तपासणी (मुलं, असहाय लोक यांच्यासोबत काम करणाऱ्यांची गुन्ह्यांची नोंद बघतात ती), टीबीची चाचणी, लसींचे कागद, फर्स्ट एड, हे सगळं कोर्स सुरू होतानाच करून ठेवा. बोटांचे ठसे द्यायला सांगितलं तर तपासणीला आठवडे जातात.

प्लेसमेंटमध्ये शिकलो ते मुख्यतः नोंदी लिहायला. 'क्लायंट प्यायलेला होता, उद्धटपणे वागला' असं लिहिलेलं माझ्या सुपरवायझरने कधीच चालवून घेतलं नाही. 'बोलताना शब्द अडखळत होते, तोल जात होता, दारूचा वास येत होता, दोनदा आवाज चढवला' असं लिहायचं. जे दिसलं, ऐकलं, वास आला तेवढंच. कारण साखर उतरलेला मधुमेही माणूसही अडखळतो, आणि ती नोंद पुढच्या पाळीतला माणूस खरी धरून चालतो. एमआर असताना मी डॉक्टरांच्या भेटीचे रिपोर्ट कसे लिहायचो ते आठवून हसू आलं.

नोकरी मिळते, पण पहिली बहुतेक 'रिलीफ' म्हणूनच. म्हणजे कुणी सुट्टीवर असेल तेव्हा फोन येणार, तासांची हमी नाही, बेनिफिट्स नाहीत. ओंटारिओचं किमान वेतन ऑक्टोबर २०२५ पासून ताशी १७.६० डॉलर आहे. मी पाहिलेल्या जाहिरातींत त्याच्या वर पाच ते दहा डॉलर असतात. रात्रपाळी आणि शनिवार-रविवार घेतले तर महिना भरतो. घराचा हप्ता एकट्याच्या पगारावर असेल तर आधी नीट आकडेमोड करा. पुढे वाढायचं असेल तर कॅनेडियन अ‍ॅडिक्शन काउन्सेलर्स सर्टिफिकेशन फेडरेशनचं प्रमाणपत्र घेता येतं, त्याला अनुभवाचे तास, सुपरव्हिजन आणि परीक्षा लागते. माझे तास भरायला अजून वेळ आहे.

मराठीचा उपयोग होतो का, हा प्रश्न सगळे विचारतात. थेट मराठी कमी, हिंदी आणि मोडकी पंजाबी रोज. पील भागात ट्रक चालवणाऱ्यांची संख्या मोठी. त्यांच्यातले जुने लोक अजून डोड्याच्या आठवणी काढतात. अफूच्या बोंडांची ती भुकटी एकेकाळी इथल्या देशी दुकानांत मिळायची. एखाद्या मराठी घरातून फोन आला तर तो उशिरा रात्री येतो, बोलणारी बहुतेक बायको असते, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "हे मंडळात कुणाला कळणार नाही ना?" कळत नाही, गोपनीयतेची कलमं कडक आहेत. एवढं मराठीत ऐकलं की पुढचं बोलणं सुरू होतं.

प्रवेश घेणार असाल तर सही करण्याआधी कॉलेज आणि हा कोर्स दोन्ही सरकारच्या मान्यताप्राप्त यादीत आहेत का ते बघा, आणि गेल्या बॅचला प्लेसमेंट कुठे मिळाली ते लेखी मागा. कराराची प्रत हातात आल्यापासून दोन दिवसांत रद्द केला तर पूर्ण फी परत मिळते, हे कॉलेजवाल्यांनी आम्हाला आपणहून सांगितलं नव्हतं.

आणि कोर्स करा किंवा करू नका, नालोक्सोनचं किट घेऊन ठेवा. ओपिऑइडचा ओव्हरडोस होऊन श्वास बंद पडत असलेल्या माणसाला परत आणणारं हे औषध. इथल्या बहुतेक फार्मसीत फुकट मिळतं. नाकात मारायचे दोन स्प्रे, हातमोजे आणि तोंडाने श्वास देताना मध्ये धरायचा पडदा, एवढंच त्यात असतं. ९११ ला फोन, नाकात एक स्प्रे, दर पाच सेकंदांनी एक श्वास, दोन-तीन मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा स्प्रे. औषधाचा असर अर्ध्या ते दीड तासात उतरतो आणि फेंटॅनिल अंगात उरलेलं असू शकतं, म्हणून शुद्धीवर आलेला माणूस "मी ठीक आहे, जातो" म्हणाला तरी अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत थांबवायचा प्रयत्न करा. २०१७ च्या कायद्यामुळे अशा वेळी मदत मागणाऱ्यावर, जवळ थोडाफार माल सापडला म्हणून गुन्हा दाखल होत नाही. किट गाडीत मात्र ठेवू नका, जानेवारीत गोठतं. मी माझं जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवतो.