बसऱ्यातला गल्लीचा जनरेटर: दोन उन्हाळ्यांचा अनुभव

कामानिमित्त इराकमधल्या बसऱ्यात भाड्याने राहायला येणाऱ्या मराठी मंडळींना मी एकच सांगतो, घराआधी गल्लीचा जनरेटर बघा. आमच्या नाक्यावरच्या जनरेटरचा मी दोन वर्षं ग्राहक आहे.

सरकारी विजेला इथे 'वतनिया' म्हणतात. पारा पन्नाशीला टेकलेला असताना ती जाते आणि पत्र्याच्या शेडमधलं डिझेल इंजिन धडधडायला लागतं. वीज युनिटवर नाही, अँपिअरवर मिळते. महिन्याचे पैसे आगाऊ भरायचे. घेतलेल्या अँपिअरपेक्षा जास्त ओढलं की शेडमधला तुमचा ब्रेकर पडतो. माझे 10 अँपिअर आहेत, त्यात दीड टनाचा एसी, फ्रिज आणि दोन पंखे चालतात. सोबत इस्त्री लावली की संपलं. मग चपला घालून नाक्यावर जायचं. तिथला पोरगा शेकडो वायरींच्या गुंत्यातून माझा खटका बरोबर शोधून वर करतो.

सेवेला नावं ठेवायला जागा नाही. मिनिटभरात दिवे येतात. गेल्या जुलैत रात्री इंजिन बंद पडलं, तेव्हा मालक स्वतः पहाटेपर्यंत मेकॅनिकजवळ टॉर्च धरून उभे होते. त्रास आहे तो धुराचा. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसते.

पैसे भरताना मात्र दर वेळी जीव तुटतो. त्याच गच्चीवरून रात्री रुमैला तेलक्षेत्राच्या बाजूचं आभाळ तांबडं दिसतं. तेलासोबत वर येणारा वायू तिथे जळत असतो. त्यावर वीजकेंद्रं चालली असती, पण इराकने त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं इराणकडून वायू विकत घेतला. 1980 ते 88 इराणशी युद्ध, 1991 च्या बॉम्बफेकीत वीजकेंद्रांची धूळधाण, मग 2003 पर्यंत निर्बंध आणि त्यानंतर पुन्हा युद्ध. वायू गोळा करून शुद्ध करणारे प्रकल्प उभे राहणार कधी? पुढे तेलाचा पैसा आला, तो सरकारी पगारांत आणि भ्रष्टाचारात मुरला.

सरकारच्या तिजोरीत दहातले नऊ दिनार तेलाचे. 2020 मध्ये भाव कोसळले आणि सरकारी पगार रखडले. आमचे शेजारी तेव्हा शाळेत शिकवायचे. सगळी गल्ली त्यांना 'उस्ताद' म्हणते. त्या वर्षी त्यांनी 8 अँपिअरवरून 3 वर आणले, ते अजून तेवढेच आहेत. त्यांचा मुलगा इंजिनिअर. तेलक्षेत्र तासाभरावर असून त्याला तिथे नोकरी मिळाली नाही. 2018 च्या जुलैत वीज, पाणी आणि नोकऱ्यांसाठी बसरा रस्त्यावर उतरलं, त्यात तोही होता.

माझ्याकडून पाचपैकी चार तारे. नवीन येणाऱ्यांनी 10 अँपिअरच्या खाली घेऊ नका आणि चोवीस तासांचीच लाइन मागा. 3 अँपिअरवर एसी चालत नाही. जून लागला की दुपारी उस्तादांची दोन्ही नातवंडं वह्या घेऊन आमच्या हॉलमध्ये अभ्यासाला बसतात.