छोट्या रेस्टॉरंटमधील जेवण: चव उत्तम, पण हाताशी वेळ हवा

बाहेर जेवायचे ठरले की आमची पावले सहसा एखाद्या नामांकित साखळी रेस्टॉरंटकडे वळतात, कारण तेथे काय मिळेल, ते कसे लागेल आणि किती वेळात समोर येईल हे आधीच ठाऊक असते. या वेळी ती वाट मुद्दाम सोडली आणि मोजकीच टेबले असलेल्या, मालकीणबाई स्वतः स्वयंपाक करतात अशा एका छोट्या रेस्टॉरंटमध्ये जेवलो. जेवण आवडले, मात्र ते बरेच रखडले. आणि या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच होते.

मेन्यू एका पानाचा, हाताने लिहिलेला, आणि संपलेल्या पदार्थांवर चक्क रेघ मारलेली. कोणाला ही गैरसोय वाटेल. मला मात्र बेताचेच आणि ताजे रांधण्याची ती खूण वाटली. आखूड मेन्यू ही तशी छोट्यांचीच मिरास नाही. मॅकडॉनल्ड बंधूंनी १९४८ साली कॅलिफोर्नियातील आपल्या रेस्टॉरंटचा मेन्यू अवघ्या नऊ पदार्थांवर आणला होता, पण त्यामागचा हेतू वेग हा होता. येथे वेगाशी कोणाचेच फारसे देणेघेणे दिसले नाही.

सूप वाढण्यापूर्वी बाईंनी चमच्याने चाखले, क्षणभर विचार केला आणि वरून थोडे लिंबू पिळले. अनेक साखळ्यांमध्ये हा निर्णय मध्यवर्ती स्वयंपाकघरात आधीच झालेला असतो. शाखेतल्या माणसाने ते फक्त गरम करून वाढायचे असते. अर्थात हाताच्या अंदाजाला दुसरी बाजूही आहे: शेजारच्या टेबलावर गेलेले तेच सूप आमच्यापेक्षा स्पष्टपणे पातळ होते.

सर्वांत सरस ठरल्या त्या भाजलेल्या भाज्या. कडा खरपूस तपकिरी, आत मऊ, आणि पाणी सुटल्याचा मागमूस नाही. भाजीच्या पृष्ठभागावरचे पाणी उडून गेल्याशिवाय त्याचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही, आणि हा खरपूसपणा तर साधारण १४० अंशांच्या पुढे झपाट्याने येतो. तव्यावर गर्दी केली की भाज्या भाजण्याऐवजी वाफवल्या जातात. बाई एका वेळी थोड्याच फोडी, सुट्या सुट्या मांडून भाजत होत्या. त्यामुळे चव साधली, पण दुसरी थाळी टेबलावर येईपर्यंत पहिली निवून गेली.

या विलंबाची कल्पना ऑर्डर घेतानाच द्यायला हवी होती. वाढप्याने ती दिली नाही आणि विचारल्यावर ‘आलेच’ एवढेच उत्तर मिळाले. स्वयंपाकाला वेळ लागणे समजण्यासारखे आहे, तो लपवणे नाही. जेवणाची सुट्टी मोजकी असेल किंवा सोबत भुकेलेली लहान मुले असतील, तर साखळी रेस्टॉरंटच बरे, हे प्रामाणिकपणे सांगावे लागेल. सवड असल्यास मात्र येथे जरूर जावे, शक्यतो गर्दीची वेळ टाळून.

बिल साखळी रेस्टॉरंटच्या तोडीचेच झाले आणि ते अचूक होते. गोड पदार्थ मागवण्याच्या फंदात मात्र पडू नये. आमच्यासमोर आलेला केकचा तुकडा यंत्राने कापल्यासारखा सरळसोट, मधोमध गोठलेला आणि उघडच बाहेरून आणलेला होता.