आयबीएमचा १२२ कळांचा टर्मिनल कीबोर्ड : दुरुस्तीनंतरच्या नऊ महिन्यांचा अनुभव

ओहायोतील एका विमा कंपनीत मी मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकावर, कोबोल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेचे काम करतो. दिवसाचे सात-आठ तास ३२७० टर्मिनलची (मेनफ्रेमला जोडल्या जाणाऱ्या आयबीएमच्या जुन्या पडदा-कीबोर्डची) नक्कल करणाऱ्या खिडकीसमोर जातात. त्यामुळे गेल्या मे महिन्यात झीनिया येथील हॅमव्हेन्शन या हौशी रेडिओवाल्यांच्या मेळ्यातल्या जुन्या बाजारात आयबीएमचा मॉडेल एम जातीचा टर्मिनल कीबोर्ड दिसला, तेव्हा मी तो शोभेसाठी नव्हे, तर रोजच्या कामासाठी घेतला. वरच्या बाजूला दोन ओळींत एफ१ ते एफ२४, डावीकडे दहा कळांचा स्वतंत्र गट आणि बाणांच्या कळांच्या मधोमध आणखी एक कळ, अशी त्याची मांडणी आहे. पाठीवरच्या चिठ्ठीत १९८८ सालची तारीख आहे. तो दुरुस्त करायला जून-जुलैचे शनिवार-रविवार लागले आणि त्यानंतर गेले नऊ महिने मी दुसऱ्या कीबोर्डवर कार्यालयीन काम केलेले नाही.

आणला तेव्हा तो हलवला की आत काहीतरी खुळखुळत असे आणि उजवीकडच्या कळा बोटाला मेलेल्या लागत. या जातीच्या कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीखाली उभी स्प्रिंग असते. कळ दाबताना ती एका क्षणी वाकून बाजूला कोलमडते, तिच्या तळाची छोटी हातोडी खालच्या मेम्ब्रेनवर (विद्युतमार्ग छापलेल्या पातळ पडद्यावर) आपटते आणि तोच टणत्कार कानाला व बोटाला एकदम कळतो. स्प्रिंगांच्या नळ्यांचा प्लास्टिकचा पाट आणि मागचा वक्र पोलादी पत्रा यांच्यामध्ये मेम्ब्रेन व रबराची पातळ चादर दाबून धरलेली असते. हे सगळे एकत्र धरतात ते प्लास्टिकचे, टोके वितळवून बसवलेले रिव्हेट, म्हणजे बारीक खुंट्या. प्लास्टिक वयाबरोबर ठिसूळ होते, रिव्हेटांची डोकी तुटून पडतात आणि पत्रा सैल झाला की हातोडीचा घाव नीट बसत नाही. माझ्या कीबोर्डमध्ये एकोणीस डोकी तुटलेली निघाली; खुळखुळत होती ती हीच.

कवच उघडण्यासाठी साडेपाच मिलिमीटरचा, बारीक आणि लांब मानेचा नट-ड्रायव्हर लागतो, कारण स्क्रू खोल भोकांत असतात आणि जाड भिंतीचा सॉकेट तिथे पोहोचतच नाही. उरलेले रिव्हेट मी धारदार पटाशीने तासून काढले, त्यांच्या बुंध्यांत दीड मिलिमीटरच्या बिटने हातानेच भोके पाडली आणि तिथे दोन मिलिमीटर जाडीचे, आठ मिलिमीटर लांबीचे स्क्रू व नट बसवले. विजेचे ड्रिल वापरले असते तर वेळ वाचला असता, पण बिट जरा जरी तिरपे गेले तरी शेजारची नळी फुटते, आणि फुटलेली नळी परत जोडता येत नाही. कळांच्या टोप्या पीबीटी नावाच्या टिकाऊ प्लास्टिकच्या आहेत आणि त्यांवरची अक्षरे प्लास्टिकमध्ये रंग मुरवून उमटवलेली आहेत. त्यामुळे कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण एवढ्यावर त्या लख्ख झाल्या.

सर्वांत महाग पडलेली चूक इथे सांगतो. जुळणी करताना पाट पालथा ठेवून सगळ्या हातोड्या खाचांत बसवाव्या लागतात, त्यांवर चादर, मेम्ब्रेन आणि शेवटी पत्रा येतो. पत्रा ठेवताना माझा हात हलला आणि ‘एन’च्या कळीची हातोडी खाचेतून किंचित सरकली. ते मला कळले सगळे स्क्रू आवळून, टोप्या लावून, कवच बंद केल्यावर. पुन्हा सर्व नट सोडण्यात एक पूर्ण रविवार गेला. दुसऱ्या वेळी मी आधी चार कोपऱ्यांचे आणि मधले काही स्क्रू जेमतेम धरवले, प्रत्येक नळीवर एकच टोपी आळीपाळीने लावून आवाज ऐकला आणि मगच बाकीचे आवळले. हे काम करणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच वेळी असे करावे, असे मला मनापासून वाटते.

जोडणीचा प्रश्न वेगळा होता. वायरचे टोक नेटवर्कच्या पिनेसारखे दिसते, म्हणून कोणी ते चुकून नेटवर्कच्या खाचेत घालू नये. साधा बाजारी अडॅप्टरही इथे चालत नाही, कारण हा कीबोर्ड कळसंकेतांच्या तिसऱ्या संचातले, साध्या संगणकी कीबोर्डपेक्षा वेगळे संकेत पाठवतो आणि सुरू झाल्यावर बहुतेक कळांच्या बाबतीत ‘दाबली’ एवढेच कळवतो, ‘सोडली’ हे कळवत नाही. ते कळवण्याचा आदेश त्याला पलीकडून मिळावा लागतो. मी एटीमेगा३२यू४ या यूएसबी हाताळणाऱ्या चिपची छोटी सर्किट-पाटी घेऊन तिच्यावर टर्मिनल कीबोर्डसाठीचा मुक्त फर्मवेअर (चिपमध्ये राहणारी आज्ञावली) चढवला. पाच व्होल्ट, जमीन, डेटा आणि क्लॉक अशा चारच तारा जोडाव्या लागल्या.

त्या पाटीमुळे कोणती कळ काय करील हे मला ठरवता आले. टर्मिनलच्या खिडकीत एफ१३पासूनच्या कळांसाठी आता शिफ्ट धरावी लागत नाही आणि डाव्या गटात ‘क्लिअर’, ‘रीसेट’, ‘अटेन्शन’ यांना स्वतःची जागा मिळाली. कामाचा खरा फायदा इथे आहे. आवाजाचे कौतुक महिन्याभरात ओसरते, पण या कळांची सवय सुटत नाही.

संध्याकाळी मी इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळरचनेने मराठी लिहितो. ‘दुसऱ्या’, ‘येणाऱ्या’ यांतला ‘ऱ्य’ उमटवायला शिफ्टसह ‘जे’, मग हलंतासाठी ‘डी’, मग ‘य’ अशी कसरत असते. तो अख्खा ‘ऱ्य’ मी डाव्या गटातल्या एका कळीवर बसवला आहे. इन्स्क्रिप्टमध्ये हलंत डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली येतो आणि जोडाक्षरांच्या लेखनात तो सतत लागतो. स्प्रिंगच्या टणत्कारामुळे तो पडला की नाही हे पडद्याकडे न पाहता समजते, हे मला फार मोलाचे वाटते.

त्रुटीही आहेत. मेम्ब्रेनच्या जाळीमुळे तीन कळा एकदम दाबल्या तर काही जोड्यांत तिसरी नोंदवली जात नाही. वेगाने लिहिताना हे क्वचित जाणवते, खेळांसाठी मात्र हा कीबोर्ड घेऊ नये. रुंदी इतकी आहे की माऊस टेबलाच्या अगदी कडेला गेला. फेब्रुवारीत दोन नट सैल झाले आणि ‘बॅकस्पेस’ बोथट वाटू लागली. नट पुन्हा आवळल्यावर ती ठीक झाली. आटे पक्के करणारा द्रव मी मुद्दाम लावला नव्हता आणि पुढेही लावणार नाही, कारण तसल्या द्रवांनी काही प्लास्टिकांना तडे जातात. आवाज दाराबाहेर ऐकू जातो. मुलगी पलीकडच्या खोलीत झोपते, म्हणून रात्री दहानंतर मी हा कीबोर्ड काढून साधा जोडतो.