फोल्डस्कोप: कागदाचा सूक्ष्मदर्शक आणि तळ्यातला एक थेंब

मुलांना पाण्याविषयी शिकवायचे म्हटले की आपल्याकडे घोषवाक्ये, चित्रकला स्पर्धा आणि प्रभातफेरी यांच्यावरच सगळी भिस्त असते. त्यात वावगे काही नाही. परंतु ‘पाणी हेच जीवन’ असे फलकावर सुबक अक्षरांत लिहिणाऱ्या मुलाने त्या पाण्यातले जीवन बहुधा कधी पाहिलेले नसते. ते दाखवता येते का, या एकाच कसोटीवर मी फोल्डस्कोप हे साधन तपासले आणि त्या कसोटीला ते पुरेपूर उतरते असे माझे मत झाले आहे. मात्र ते काय दाखवते आणि काय दाखवूच शकत नाही, हे मुलांच्या हाती देण्यापूर्वी मोठ्यांनी नीट समजून घ्यायला हवे.

फोल्डस्कोप म्हणजे घड्या घालून तयार करायचा कागदी सूक्ष्मदर्शक. मेरठमध्ये जन्मलेले, कानपूरच्या आयआयटीत शिकलेले आणि आता स्टॅनफर्ड विद्यापीठात असलेले मनू प्रकाश आणि त्यांचे तेव्हाचे विद्यार्थी जिम सायबल्स्की यांनी तो घडवला, आणि २०१४ मध्ये त्याविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्या आत बसवायचा, हा त्यामागचा हिशेब होता. विकत मिळणारा संच अर्थातच त्याहून महाग पडतो. कागद न भिजणारा आहे आणि सारी करामत अडीच मिलिमीटरांपेक्षाही लहान अशा एका काचेच्या मण्याची आहे. हा मणी वस्तू सुमारे १४० पट मोठी दाखवतो आणि २ मायक्रॉनपर्यंतचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तपशील त्यातून ओळखता येतो. एकाच भिंगाचा सूक्ष्मदर्शक ही कल्पना जुनीच आहे. हॉलंडमधील कापडाचे व्यापारी लेव्हेनहूक यांनी १६७४ मध्ये तळ्याच्या पाण्यातले सूक्ष्मजीव पाहिले, ते अशाच एकभिंगी उपकरणातून.

जोडणी चित्रे पाहून करता येते. दहा वर्षांपुढची मुले ती स्वतः करतात. त्याहून लहान मुलांना घड्यांच्या खाचा बसवताना मदत लागते. खरी परीक्षा पुढे असते, कारण डोळा भिंगाला अगदी चिकटवायचा, दोन्ही अंगठ्यांनी काचपट्टी केसभर सरकवायची आणि त्याच वेळी कागदी पट्टी ओढून प्रतिमा स्पष्ट करायची, ही कसरत पहिल्या बैठकीत बहुतेकांना साधत नाही. ‘काहीच दिसत नाही’ हे वाक्य अनेकदा ऐकण्याची तयारी ठेवावी. यावरचा चांगला उपाय म्हणजे संचातील लोहचुंबकाने फोल्डस्कोप मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बसवणे, म्हणजे पडद्यावर चार-पाच मुलांना एकदम पाहता येते आणि एकाला दिसले ते दुसऱ्याला समजावून सांगण्याचे भांडणही मिटते. प्रकाशासाठी खिडकीतला उजेड किंवा विजेरी पुरते. डोळा लावून थेट सूर्याकडे मात्र कोणीही, कधीही पाहू नये, हे पहिल्या मिनिटाला बजावून सांगावे.

आम्ही कोल्हापूरकर असल्यामुळे पहिला थेंब रंकाळ्याचाच असणार, हे ओघाने आले. त्यातही एक युक्ती आहे. मधल्या मोकळ्या पाण्याचा थेंब घेतला तर पाहण्यासारखे फारसे हाती लागत नाही. काठच्या दगडावरचे शेवाळ किंवा पाण्यातल्या पानाची मागची बाजू हलकेच खरवडून घेतली, की तोच थेंब गजबजून जातो. स्पायरोगायरा या शेवाळाच्या धाग्यात हिरवी पट्टी मळसूत्रासारखी फिरलेली दिसते, डायटम या एकपेशीय शेवाळाच्या होड्या सावकाश सरकतात, आणि पाठ्यपुस्तकात चपलेच्या आकाराचे म्हणून पाठ केलेले पॅरामेशियम इतक्या वेगाने निघून जाते की मुले अंगठ्याने त्याचा पाठलाग करत राहतात. सर्वांत जास्त वेळ जातो तो रोटिफरपाशी. शेपटीने शेवाळाला धरून बसलेल्या या जीवाच्या तोंडाशी केसांची दोन वर्तुळे असतात. ती गरगर फिरल्यासारखी दिसतात, त्यांच्या भोवऱ्यात बारीक कण ओढले जातात आणि पारदर्शक शरीराच्या आत त्याचा जबडा ते दळत असलेला स्पष्ट दिसतो. हे पाहिलेल्या मुलाला तळ्यात निर्माल्य किंवा साबणाचे पाणी गेल्यावर कोणाच्या ताटात काय पडते, ते वेगळे सांगावे लागत नाही.

एका जीवाची गोष्ट मी या निमित्ताने मुद्दाम सांगतो. तो सायक्लॉप्स: एकच डोळा असलेला, झटके देत पोहणारा, झिंग्यांच्या कुळातला बारीक प्राणी. या उपकरणासाठी तो जरा मोठाच आहे आणि काचपट्टीवर दबण्याचीही भीती असते, पण सापडला तर सोडू नये. नारू या जंताची अळी याच्या पोटातून माणसाच्या पोटात जात असे. पायऱ्यांच्या विहिरीत नारूचा रोगी उतरला की जखमेतून अळ्या पाण्यात पडत, सायक्लॉप्स त्या गिळत आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या शरीरात वर्षभराने हातभर लांबीचा जंत तयार होई. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त जाहीर केला. हे साधले ते लसीने नव्हे, तर पायविहिरी बदलून, पाण्यावर औषध टाकून आणि दाट विणीच्या कापडाने पाणी गाळण्याची सवय लावून. हंड्याच्या तोंडाला आजीने बांधलेल्या फडक्यात नेमके काय अडकत होते, ते नातवाला डोळ्यांनी पाहता येणे हे माझ्या लेखी या खरेदीचे मोठे समर्थन आहे.

आता मर्यादा. पाणी पिण्यायोग्य आहे की नाही, हे फोल्डस्कोप सांगू शकत नाही. रोगजंतूंचा आकार एक-दोन मायक्रॉनच्या घरात असल्याने ते या भिंगाच्या आवाक्याच्या काठावर किंवा पलीकडे राहतात. नायट्रेट, कीटकनाशके आणि जड धातू तर कोणत्याच सूक्ष्मदर्शकात दिसत नाहीत. त्यामुळे नळाचा थेंब रिकामा दिसला म्हणून तो शुद्ध आणि तळ्याचा भरलेला दिसला म्हणून ते तळे घाण, असा निष्कर्ष मुलांनी काढला तर शिकवणे उलटे झाले असे समजावे. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याची शंका असेल, तर मैल्याचा संसर्ग असल्यास पाणी काळे पडते ती हायड्रोजन सल्फाइडची चाचणी बाटली सोबत ठेवावी. ती एक-दोन दिवसांत प्राथमिक उत्तर देते आणि मुलांनाही समजते.

निरीक्षण संपल्यावर उरलेले पाणी ज्या जागेचे त्याच जागी परत नेऊन ओतण्याचा नियम आम्ही ठेवला आहे, कारण एका तळ्यातली जलपर्णी आणि गप्पी मासे दुसऱ्या तळ्यात पोहोचतात ते बहुधा माणसाच्याच हातून.

शाळांसाठी घ्यायचा असेल तर मुलामागे एक घेण्याचा हट्ट नको. चार मुलांत एक आणि शिक्षकांचा एक मोबाइल एवढ्यावर उत्तम भागते. भिंगाला थेंब लागून डाग पडतो, तेव्हा कान साफ करायच्या कापूसकाड्या हाताशी असाव्यात आणि काचपट्टीवरचा थेंब पारदर्शक चिकटपट्टीने झाकलेला असावा. माझ्या पाहण्यातल्या एका शाळेत हे संच फाटतील या धास्तीने प्रयोगशाळेच्या कपाटात कुलूपबंद आहेत. जे उपकरण खिशात घालून ओढ्यावर न्यायचे म्हणूनच कागदाचे केले, त्याचे असे सोवळे पाळायचे असेल तर ते पैसे एखाद्या चांगल्या क्षेत्रभेटीवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे ठरेल.