व्हर्टस जीटी की व्हर्ना टर्बो: ठाण्या-नवी मुंबईतल्या घरासाठी कोणती?

जो तो एसयूव्ही घेतोय. तरी काही घरांना अजून डिकीवाली, रस्त्याला धरून पळणारी सेडानच हवी असते आणि ती पळायलाही हवी असते. बजेट जमत असेल तर गाडी शेवटी फोक्सवॅगन व्हर्टसचं १.५ इंजिन (म्हणजेच जीटी) आणि ह्युंदाई व्हर्नाचं १.५ टर्बो यांच्यापाशी येऊन थांबते. (स्कोडा स्लाव्हियाचं इंजिन आणि सांगाडा व्हर्टसचाच, म्हणून ती इथे वेगळी धरलेली नाही.)

ताकदीवरून ठरवायला गेलात तर फसाल. व्हर्ना १६० पीएस (इंजिनाची ताकद) आणि २५३ एनएम (ओढ, म्हणजे टॉर्क), व्हर्टस १५० पीएस आणि २५० एनएम. एवढा फरक माजिवड्याच्या सिग्नलवर कुणालाच कळत नाही. फरक कळतो तो ताकद कशी येते त्यात. व्हर्नाचा टर्बो एकदम अंगावर येतो. पावसात ओल्या रस्त्यावर पहिल्या गिअरला जोरात पाय दिला तर पुढची चाकं जागच्या जागी फिरतात. व्हर्टस तीच ताकद जरा शहाणपणाने देते. शिवाय पाम बीच रोडवर एका लयीत चालवत असाल तर तिच्या चारपैकी दोन सिलिंडर आपोआप बंद होतात आणि पेट्रोल वाचतं.

गिअरबॉक्सचा विचार मात्र घोडबंदर रोडवर रोज अडकणाऱ्यांनी नीट करावा. दोन्हींचा सात गिअरचा ऑटोमॅटिक ड्राय क्लचचा आहे, म्हणजे क्लच थंड ठेवायला तेल नसतं. गाडी हाताच्या अंतरावर पुढे सरकते, थांबते, परत सरकते, असं गायमुखपर्यंत चाललं की तो क्लच तापतो. पुढे थोडी जागा होऊ द्यायची, मग ब्रेक सोडायचा, ही सवय दोन्ही गाड्यांत लावून घ्यावी लागते.

सुरक्षिततेत दोघींना ग्लोबल एनकॅपचे (गाड्या आदळून तपासणारी संस्था) पाच तारे मिळाले, तेही एकाच वर्षी, २०२३ मध्ये. शोरूममध्ये एवढंच सांगतात. अहवाल उघडून पाहिला तर मोठ्यांच्या सुरक्षिततेत व्हर्टसला ३४ पैकी २९.७१ गुण आहेत आणि व्हर्नाला २८.१८, लहान मुलांच्या बाबतीत दोघी ४९ पैकी ४२ वर बरोबरीत. पण सांगाड्याला व्हर्टसमध्ये ‘स्थिर’ म्हटलंय आणि व्हर्नामध्ये ‘अस्थिर’. माझ्या मते अख्ख्या तुलनेतली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच आहे. पोरंबाळं घेऊन हायवेला लागणाऱ्याने ती सनरूफच्या आधी वाचावी.

व्हर्नाची बाजूही तेवढीच भक्कम आहे. टर्बोला चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. व्हर्टसला मागे अजून ड्रमच, आणि या किमतीत ते खटकतं. वरच्या मॉडेलमध्ये व्हर्नाला अ‍ॅडास (पुढचा रस्ता पाहून ब्रेक, वेग आणि पट्टा सांभाळायला मदत करणारी यंत्रणा) मिळतं, ते व्हर्टसकडे नाहीच. पण ते कुठे वापरणार, हेही बघा. घोडबंदरला प्रत्येक फटीतून बाइक घुसते, तिथे पुढच्या गाडीशी अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल सारखा दचकतो. अटल सेतूवर दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे, पट्टे ठळक आहेत, १०० ची मर्यादा आहे. तिथे तेच अ‍ॅडास खरं कामाला येतं. तुमचं रोजचं जाणं-येणं उलवे किंवा पनवेलहून मुंबईला सेतूवरून असेल तर व्हर्नाचं पारडं नक्कीच जड होतं.

आता मागची सीट. चालवणारा एक, बसणारे तीन, म्हणून इथे घाई करू नका. पाय पसरायला व्हर्नात जास्त जागा आहे, पण छत मागे उतरत गेल्यामुळे उंच माणसाचं डोकं वर टेकतं. व्हर्टसमध्ये डोक्याला बरी जागा आहे, मात्र मधल्या माणसाच्या पायाशी उंचवटा येतो. गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना दोन्हींत खाली वाकूनच बसावं लागतं. त्यांना शोरूममध्ये सोबत न्या आणि दोन-तीनदा बसायला-उतरायला लावा. डिकी दोघींची ५२० लिटरच्या पुढे, त्यामुळे गणपतीला गावी जाताना सामानाची चिंता नाही.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमसमोरच्या मोकळ्या रस्त्यावर उरकू नका. गाडी आपल्या सोसायटीत आणायला सांगा, चौघं बसा आणि पोडियमचा रॅम्प चढा. वरच्या टोकाला पोट घासतंय का, वळणावर आरसा खांबाला लागतोय का, हे तिथेच कळतं. स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या ठेवायची सोय) असेल तर पाट्याची लांबी आधी मोजा. व्हर्टस ४,५६१ मिमी, व्हर्ना ४,५३५. व्हर्टसचा ग्राउंड क्लिअरन्स १७९ मिमी आहे, सेडानच्या मानाने चांगलाच. स्पीडब्रेकर ती निवांत पार करते. कमी वेगात खड्डे व्हर्ना जास्त मऊपणे गिळते, पण वेग वाढला की व्हर्टस घट्ट बसते. कसारा घाटातल्या वळणांवर आणि आमण्याहून समृद्धीला लागल्यावर हा फरक मागे बसलेल्यांनाही जाणवतो.

मला विचाराल तर घरात लहान मुलं असतील आणि दर महिन्याला नाशिक-पुणे होत असेल तर व्हर्टसच घ्या. गाडी मुख्यतः शहरात आणि सेतूवर फिरणार असेल, घरच्यांना सोयी हव्या असतील, तर व्हर्ना घ्या, पण अ‍ॅडासवालं वरचं मॉडेल. खालचं घेऊन तिचा मुख्य फायदाच गमावू नका. स्वतः चालवायची हौस असेल आणि डावा पाय कुरकुरत नसेल, तर दोघींतही सहा गिअरचा मॅन्युअल मिळतो. तोही एकदा चालवून बघा. घाटात मजा त्यातच आहे.